‘पात्र’ कोण? शिष्यवृत्तीची दोनशे वर्षं

बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत एक प्लास्टिकची फाइल जाड व्हायला लागते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, मार्कशीट, आधारला जोडलेल्या बँक खात्याची झेरॉक्स. मग महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरायचा आणि रोज मोबाइलवर स्टेटस बघायचं. सगळा जीव एका शब्दात अडकलेला असतो : पात्र की अपात्र?

हा शब्द पोर्टलच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे आहे. सार्वजनिक पैशातून कुणी शिकावं आणि ते कुणी ठरवावं, यावर महाराष्ट्रात दोनशे वर्षं भांडण चालू आहे.

सुरुवात पेशवाईतल्या दक्षिणेपासून करावी लागते. श्रावणात पुण्याला पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पैसा राज्याच्या तिजोरीतला, म्हणजे रयतेच्या साऱ्यातला. पण पात्रता जन्माने ठरलेली. १८१८ साली पेशवाई गेली. एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही, रक्कम कमी केली. तिच्यातल्याच पैशातून १८२१ साली पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. दानाचा पैसा शाळेकडे वळला, तरी शिकणारे तेच राहिले.

१८४९ साली काही सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला की हा पैसा मराठीत उपयोगी पुस्तकं लिहिणाऱ्यांनाही द्यावा. त्यात लोकहितवादी पुढे होते. सनातनी पुणं खवळलं. तरीही दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली, आणि जोतीराव फुल्यांच्या मुलींच्या शाळांनाही दक्षिणा फंडातून दरमहा ७५ रुपये मिळू लागले. मात्र १८५५ साली फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक याच कमिटीकडे पाठवलं, तेव्हा ते नाकारलं गेलं. फंडाचं दार थोडं उघडलं होतं, पण दारावर माणसं जुनीच होती.

बहुधा म्हणूनच १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढच्या निवेदनात फुल्यांनी शिष्यवृत्त्यांच्या वाटपाचाही मुद्दा काढला. स्पर्धेतून शिष्यवृत्ती देणं तत्त्वतः न्याय्य दिसतं, पण त्याने शिक्षण बाकीच्या समाजांत पसरत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ज्या समाजांत शिक्षण पोचलेलंच नाही, त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या ठेवा, अशी त्यांनी मागणी केली. आज ‘मेरिट’वर कट्ट्यावर वाद होतो, तो तेव्हाच मांडून झाला होता.

फी भरली की प्रश्न सुटत नाही, हे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी ओळखलं. खेड्यातला मुलगा शहरात आला तर राहणार कुठे, जेवणार काय? १९०१पासून त्यांनी कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला मदत केली. हॉस्टेल किंवा मेसचं बिल ज्याने भरलंय, त्याला यामागचं शहाणपण वेगळं सांगायला नको.

त्याच काळात मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या दरमहा २५ रुपयांवर शिकत होता. १९१३ साली महाराजांनीच त्याला कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड आणि परतल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी, असा करार झाला. पण १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. बडोद्यात सरकारी नोकरी मिळाली, पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. नोकरी सोडावी लागली. पुन्हा लंडन गाठलं ते १९२० साली. त्यासाठी स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज गोळा करावं लागलं.

एका उदार राजाच्या मर्जीवर शिकणं म्हणजे काय, हे बाबासाहेबांना असं माहीत होतं. सयाजीरावांबद्दल त्यांना कृतज्ञता होतीच. पण प्रत्येक मुलाला सयाजीराव कुठून भेटणार? १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि त्याच वर्षी त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन सरकारला दिलं. उच्च शिक्षणासाठी सरकारी पैसा ही त्यातली एक मोठी मागणी होती. त्यातून शिष्यवृत्त्यांसाठी वर्षाला तीन लाख रुपये मंजूर झाले आणि १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. महाराजांच्या भेटीची, ओळखीच्या गुरुजींच्या शिफारशीची गरज उरली नाही. अर्ज करायचा, नियमात बसलात तर पैसे मिळणार. ‘स्कॉलरशिप’चा फॉर्म भरताना आपण हीच योजना पुढे चालवत असतो.

पुढे वर्तुळ वाढत गेलं. आदिवासी विद्यार्थी आले. १९५९ साली यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने जात न पाहता कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना फी माफ केली. तीच ‘ईबीसी’ सवलत, जिच्यावर आपल्या आईवडलांच्या पिढीतली कितीतरी माणसं शिकली. शाहू महाराजांच्या नावाची आजची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती त्याच वाटेवरची. २०१६-१७मध्ये स्वाधार योजना आली. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राहण्याजेवणाचे पैसे थेट खात्यात मिळू लागले. २०२४मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची संपूर्ण फी माफ झाली.

पण दारावरचा प्रश्न बदलून परत येतोच. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला फी आणि निर्वाह भत्ता दोन्ही मिळण्यासाठी घरचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. म्हणजे महिन्याला साधारण एकवीस हजारांहून कमी. वडलांचा पगार त्यापुढे हजार रुपयांनी गेला की फ्रीशिपमध्ये फी माफ राहते, भत्ता जातो. पुण्यातल्या मेसला मात्र ही रेषा माहीत नसते. आणि पात्र ठरलेल्याचा हप्ता वर्ष संपल्यावर आला, तर तोवर घरच्यांनी काढलेल्या उसनवारीचं व्याज कुठल्याच योजनेत बसत नाही.

म्हणून फॉर्म भरताना संकोच वाटला, कुणी ‘फुकटे’ म्हणालं, तर हा इतिहास आठवावा. दक्षिणा हे दान होतं, घेणाऱ्याने आशीर्वाद द्यायचा. शिष्यवृत्ती लोकांनी मागून, भांडून कायम करून घेतली आहे. तिथे हात जोडायचं कारण नाही. अर्ज परत आला तर कारण विचारायचं, त्रुटी दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा. हप्ता थांबला तर लेखी विचारायचं, शक्य तर चौघांनी मिळून. १८४९चा अर्जही काही जणांनी मिळूनच केला होता.