एकाच्या पोटातले अनेक

आमच्या सोलापुरात पाणी चार तऱ्हांनी मागता येते. पूर्व भागातल्या एखाद्या विणकराच्या घरी ‘नीळ्ळू’ म्हटले की तांब्या पुढे येतो. कन्नड बोलणाऱ्या घरी ‘नीरू’ म्हणावे, दखनी बोलणाऱ्या मोहल्ल्यात ‘पानी’, आणि उरलेल्या गावात आपले पाणी. इथल्या उन्हाळ्यात भाषा चुकली म्हणून कोणी कोणाला तहानलेले परत पाठवल्याचे मी ऐकलेले नाही.

हे सारे ठाऊक असूनही मी एक चूक पुष्कळ वर्षे केली, ती आधी सांगून टाकतो. कादंबऱ्या लिहिणे हा माझा रात्रीचा उद्योग. दिवसा मी मास्तर. दुसरीच्या वर्गात मी एक नियम घालून दिला होता: शाळेत फक्त मराठीच बोलायचे. हेतू वाईट नव्हता. पोरांची मराठी सुधारावी, पुढे कुठे अडू नये, एवढेच मनात होते. पण मोठ्यांचा हेतू पोरांच्या कानापर्यंत पोचतोच असे नाही. त्यांच्या कानापर्यंत नियम तेवढा पोचतो.

आमच्या वर्गात एक किडकिडीत मुलगा होता. घरी तेलुगू. मधल्या सुट्टीत त्याची आजी डबा घेऊन फाटकाशी यायची आणि तेलुगूत त्याला हाक मारायची. तो खाली मान घालून जायचा, डबा घ्यायचा आणि एक शब्दही न बोलता परतायचा. एकदा एका सोबत्याने विचारले, “कोण रे ती?” त्यावर तो म्हणाला, “शेजारची.”

मी ते ऐकले. त्या दिवशी मला डबा गोड लागला नाही.

रागावून काही साधणार नव्हते, आणि उपदेशाचा तास घेतला तर पोरे जांभया देतात हा अनुभव. तेव्हा मला लहानपणी शेजाऱ्यांच्या दूरदर्शन संचावर पाहिलेला एक इवलासा चित्रपट आठवला: ‘एक, अनेक और एकता’. जेमतेम सात मिनिटांचा. पण तो ज्या परंपरेतून आला ती परंपरा मोठी आहे, आणि तिचे मूळ आपल्याच मातीत आहे.

‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली आला हे सर्वांना ठाऊक असते. त्याच्या आधी दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपणारी एक छोटी फिल्म केली होती, हे थोड्यांना ठाऊक असते. कुंडीतल्या दाण्याची थोड्या थोड्या अंतराने चित्रे घेत गेले, आणि दिवसांची वाढ क्षणांत पडद्यावर उलगडली. म्हणजे आपल्याकडचा सिनेमा देवादिकांच्या आधी एका अंकुराकडे पाहायला शिकला. पुढे स्वातंत्र्यानंतर 1948 साली फिल्म्स डिव्हिजन निघाले. चित्रपटगृहांत मुख्य खेळाआधी त्याचे माहितीपट दाखवावेच लागत, आणि आमच्या वडीलधाऱ्यांना भाक्रा धरण पहिल्यांदा दिसले ते अशाच पडद्यावर. मुलांसाठी वेगळी बालचित्र समिती 1955 साली स्थापन झाली. या दोन्ही संस्था 2022 साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाल्या.

‘एक, अनेक और एकता’ हा 1974 सालचा, याच फिल्म्स डिव्हिजनचा. तो घडवला विजया मुळे यांनी. त्या मुंबईत जन्मलेल्या; लग्नानंतर पाटण्याला गेल्या आणि तिथल्या फिल्म सोसायटीत रमल्या. पुढे 1959 साली सत्यजित राय प्रभृतींबरोबर देशभरच्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ उभा करणाऱ्यांत त्या होत्या. शिक्षण हा त्यांचा पेशा. चित्रपटाची रेखाटने भीमसेन यांची, संगीत आपल्या वसंत देसायांचे. याच वसंतरावांनी शांतारामबापूंच्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’लाही संगीत दिले होते. आणि चीनमध्ये रुग्णांची सेवा करता करता 1942 साली देह ठेवणारे ते डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस जन्माने सोलापूरचे. पाहा, धागा कुठून कुठे येतो! आमचे गाव विणकरांचे, त्याला याचे नवल नाही.

गोष्ट पंचतंत्रातली. दाणे टिपायला उतरलेली पाखरे जाळ्यात सापडतात, सगळी मिळून जाळ्यासकट उडतात, आणि मित्र असलेले उंदीर जाळे कुरतडून देतात. ही गोष्ट एक ताई धाकट्यांना सांगते, कारण ‘अनेक’ म्हणजे काय, हे तिच्या भावाला कळत नसते. शेवटच्या गाण्यात नाना प्रांतांची, नाना वेषांची माणसे येतात.

शाळेच्या भिंतीवर चादर बांधून मी तो दाखवला. चादर अर्थातच सोलापुरी, उलट्या बाजूने लावलेली. पोरे खूश झाली. मग मी विचारले, “यातले तुम्ही कोणते?” भराभर हात वर आले. कोणी फेटेवाला झाला, कोणी उंदीर. तो मुलगा मात्र गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाला, “सर, आमच्याकडे तर दोन-दोन आहे. मग मी कोणता?”

मी निरुत्तर झालो. विजयाबाईंच्या चित्रपटाने अनेकांचा एक केला, ते योग्यच होते. पण त्यातल्या एकेका माणसाला एकेकच वेष वाट्याला आलेला. एकाच्याच पोटात अनेक असतील तर काय करावे, याचे उत्तर त्या सात मिनिटांत नव्हते. ते आमच्या गावाच्या इतिहासात होते.

दुसऱ्या दिवशी तो सांगितला. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी या गावात कन्नडमधून वचने रचली. आजही संक्रांतीला त्यांचे नंदीध्वज निघतात, तेव्हा मराठी घरची पोरे बापाच्या खांद्यावर बसून ते पाहतात. पहिली कापडगिरणी इथे 1877 साली सुरू झाली. मागावर हात बसलेली पद्मशाली घराणी तेलंगणातून, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखातून, पोटासाठी इथे आली. जी चादर देशभर ‘सोलापुरी’ म्हणून अंगावर घेतली जाते, तिचे उभे-आडवे धागे तेलुगूत गप्पा मारणाऱ्या हातांनी जुळवले. “म्हणजे चादर तेलुगू का मराठी?” एका मुलीने विचारले. “सोलापुरी!” वर्ग ओरडला.

मग चार पुतळ्यांच्या चौकाची गोष्ट निघाली. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटले आणि सरकारने इथे लष्करी कायदा पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याला फाशी झाले. नावे फळ्यावर लिहून मी म्हणालो, “चार घरांत आईला चार वेगळ्या तऱ्हांनी हाक मारत असतील. मग हे सोलापूरचे का नव्हते?” कोणी बोलले नाही. पोरांना काय कळते ते आपल्याला नेहमीच उशिरा कळते.

शेवटी एक खेळ घेतला. पाण्याला घरी काय म्हणतात ते प्रत्येकाने सांगायचे. ‘नीरू’ आला, ‘पानी’ आले. तो मुलगा हळूच म्हणाला, “नीळ्ळू.” तेवढ्यात मागच्या बाकावरून एकजण ओरडला, “सर, आमच्या आजीच्या अभंगात पण नीर येते!” खरेच की! मराठीच्या पोटातही ते पाणी होतेच. त्याच तासाला मी माझा नियम पोरांसमोर मोडीत काढला, आणि तो करणे चुकले असेही सांगितले. मास्तराला चुकले म्हणताना पाहून पोरांना चित्रपटापेक्षा जास्त मजा वाटली.

त्या मुलाला मी वेगळे बोलावून काही सांगितले नाही. दोन-तीन दिवस तो पूर्वीसारखाच मुकाट डबा घेऊन यायचा. चौथ्या दिवशी फाटकाशी हाक आली. पोरगा धावत गेला आणि ‘नायनम्मा’ म्हणून भडाभडा काहीतरी बोलू लागला. त्यातले एक अक्षर मला कळले नाही. आजी हसली, तिने पदराने त्याचे तोंड पुसले. सोबत्याने पुन्हा विचारले, “कोण रे ती?”

“माझी आजी,” तो म्हणाला, आणि डबा उघडून त्याच्यापुढे धरला.

या दिवाळीत फराळाची ताटे घरोघर फिरतील. आमच्या बोळात चकली आणि सकिनालू एकाच ताटात येतात. पोरे आधी काय उचलतात ते पाहत बसण्याचा माझा विचार आहे.