हरकती व सूचना

नगर हे कोणा एकाने वसविलेले नसते. नगराचा नकाशा मात्र कोणी तरी बसून काढलेला असतो. वसणे आधी आणि रेखणे मागाहून, हा बहुतेक जुन्या शहरांचा क्रम होय, आणि मुंबई त्यास अपवाद नाही. वसणारे आणि रेखणारे यांची गाठ ज्या प्रसंगी पडते, त्यास आपल्या कायद्याने ‘हरकती व सूचना’ असे नाव दिले आहे. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक टाइपात छापलेली ती जाहीर नोटीस बहुतेक घरांतून न वाचताच रद्दीत जाते. परंतु तिच्या मागे सव्वाशे वर्षांचा इतिहास उभा आहे आणि तो आपल्या उंबरठ्याशी येऊन थांबलेला आहे. तो येथे थोडक्यात सांगावयाचे आम्ही योजिले आहे. आणि विषय हवेत राहू नये म्हणून माझगाव हे एकच ठिकाण सतत डोळ्यांपुढे ठेविले आहे.

माझगाव निवडण्यास कारण आहे. मुंबई ज्या सात बेटांची मिळून झाली त्यांपैकी हे एक. त्याच्या मधोमध भंडारवाड्याची टेकडी आहे. तिच्यावर पाण्याचा मोठा साठा आणि त्यावर, ज्यांना लोक आदराने ‘काका’ म्हणत त्या जोसेफ बॅप्टिस्टा यांच्या नावाचे उद्यान आहे. म्हातारपाखाडी हे जुने गावठाण याच माझगावातले. लाकडी जिन्यांची, पडव्यांची तेथील घरे मराठी बोलणाऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या राखली. पश्चिमेस भायखळा आणि नागपाडा यांच्याकडे चाळींच्या रांगा लागतात, आणि पूर्वेस गोदी, दारूखाना व बंदराच्या जमिनी पसरल्या आहेत. अशा रीतीने एका मैलाच्या आत तीन प्रकारची भूमी येथे एकत्र आली आहे : मालकीची, भाड्याची आणि बंदराची. ‘तुम्हांस काय म्हणावयाचे आहे?’ असा प्रश्न या तिन्ही भूमींवरील माणसांस निरनिराळ्या काळी विचारला गेला, आणि पुष्कळदा विचारलाही गेला नाही. आमची कथा ती हीच.

आरंभ प्लेगापासून करावा लागतो. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ही साथ ओळखली आणि थोड्याच महिन्यांत अर्धे शहर गाव गाठू लागले. दाटीची, अंधारी घरे हेच रोगाचे मूळ, असे सरकारने ठरविले आणि १८९८ साली कायदा करून सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना केली. ट्रस्टची पहिली योजना माझगावच्या शेजारच्या नागपाड्याची होती. योजना जाहीर करावी, तिची नोटीस छापावी, आणि ज्यांची मिळकत जावयाची त्यांचे म्हणणे ऐकावे, अशी तरतूद त्या कायद्यात होती. म्हणजे विचारपूस होती. परंतु ती मिळकतीची विचारपूस होती. ज्याच्या नावावर घरपट्टी, त्याच्या नावाने नोटीस. त्याच घरातल्या दहा बाय दहाच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या हमालास, गोदीतल्या मजुरास, गिरणीतल्या जॉबरास त्या कागदात जागा नव्हती. मालकास मोबदला मिळाला. भाडेकरूस रस्ता मिळाला. पाडलेल्या खोल्यांच्या मानाने नव्या खोल्या आरंभीच्या वर्षांत कमीच बांधल्या गेल्या, आणि एका वस्तीतून उठलेली माणसे शेजारच्या वस्तीत दाटीने शिरली. रोग ज्या दाटीमुळे झाला म्हणून घरे पाडली, ती दाटी अशा प्रकारे एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेली. भाडेकरूस कोणी विचारले असते, तर त्याने हे आधीच सांगितले असते. कारण कामापासून दूर राहावयास त्याला परवडत नाही, ही गोष्ट त्याच्याइतकी कोणास ठाऊक होती?

यानंतरचा टप्पा १९०७ सालचा. त्या वर्षीच्या डिसेंबरात मुंबई सरकारने शहराच्या भावी वाढीविषयी एक प्रश्नपत्रिकाच काढली. श्रीमंतांनी कोठे राहावे, मध्यम वर्गाने कोठे, मजुरांनी कोठे, गिरण्या कोणत्या दिशेस जाव्यात, समुद्र किती हटवावा, असे ते प्रश्न होते. ते महापालिका, इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, पोर्ट ट्रस्ट, व्यापाऱ्यांचे व गिरणीमालकांचे संघ अशा संस्थांकडे धाडण्यात आले, आणि उत्तरे पाहून १९०९ साली सरकारने आपला ठराव प्रसिद्ध केला. संपूर्ण शहराच्या भवितव्याविषयी पुष्कळांचे मत मागविण्याचा हा एक मोठा आणि आरंभीचा प्रयत्न होय, आणि त्याचे श्रेय द्यावयास हवे. परंतु कोणाचे मत मागविले हेही पाहिले पाहिजे. मजुराने कोठे राहावे हा प्रश्न गिरणीमालकास विचारला गेला; मजुरास नव्हे. पूर्वी केवळ मिळकतीस विचारीत, आता संस्थेस विचारू लागले, इतकाच फरक पडला.

याच सुमारास माझगावचा किनारा माझगावापासून दूर गेला. पोर्ट ट्रस्टने १९०८ ते १९१२ या काळात माझगाव व शिवडी यांच्या दरम्यान सुमारे ५८३ एकर समुद्र भरून काढला. बंदराकडे जाणाऱ्या रेल्वेच्या मार्गात माझगावचे जुने ग्लोरिया चर्च येत होते. १६३२ साली स्थापन झालेले ते देवालय पाडावे लागले, आणि १९११ ते १९१३ या काळात भायखळ्यास त्याच नावाचे नवे चर्च उभे राहिले. बंदर वाढविणे अयोग्य होते असे आमचे म्हणणे नाही. मुंबईचे पोट त्या बंदरावरच चालत होते. परंतु ज्या गावाचा समुद्र गेला त्या गावापुढे आजच्यासारखा हरकतीचा सार्वजनिक मार्ग तेव्हा नव्हता, हे ध्यानात ठेवावे. कारण त्याच जमिनीची गोष्ट पुढे पुन्हा यावयाची आहे.

१९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. हिंदुस्थानात अशा स्वरूपाचा तो पहिलाच. योजनेचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती घ्याव्यात, ही पद्धत त्याने रूढ केली. त्याच वर्षी पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश विद्वान इलाख्यातील गावे पायी हिंडून त्यांवर अहवाल लिहीत होते. पुढे १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राची गादी त्यांनी मांडली आणि त्यांच्या मागून ती डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी चालविली. गेडिस यांच्या शिकवणीचे सार एवढेच की, आधी पाहणी करा आणि मग आराखडा काढा. वैद्याने नाडी पाहिल्यावाचून औषध देऊ नये, तसे नगररचनाकाराने वस्तीत हिंडल्यावाचून रेघ ओढू नये. आणि जी पाहणी केली ती लोकांपुढे मांडावी, म्हणजे चुकले असेल ते लोक सांगतील. हे वचन मुंबईने ऐकले खरे, पण आचरणात यावयास तिला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

मध्यंतरी नागरिक या शब्दाचा अर्थच विस्तारत होता. १९२२ च्या कायद्याने दरमहा दहा रुपये भाडे देणाऱ्यास महापालिकेच्या निवडणुकीत मत मिळाले. भाडेकरू प्रथमच मोठ्या संख्येने मतदार झाला. पण चाळीतील एका खोलीचे भाडे बहुधा याहून कमी असल्यामुळे कामगार बहुतांशी बाहेरच राहिला. म्हातारपाखाडीत जन्मलेले, लोकमान्यांचे स्नेही आणि कामगारांचे पुढारी काका बॅप्टिस्टा १९२५ साली महापालिकेचे अध्यक्ष झाले, ते या नव्या वाऱ्याचेच चिन्ह. १९३३ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. १९४८ साली प्रौढ मतदानाने महापालिकेची निवडणूक झाली, आणि त्याच वर्षी ना. वि. मोडक व आल्बर्ट मेयर यांनी बृहन्मुंबईच्या आराखड्याची रूपरेषा मांडली. १९५४ च्या कायद्याने संपूर्ण शहराचा विकास आराखडा करणे स्थानिक संस्थेवर बंधनकारक केले. आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने आज चालू असलेली रीत घालून दिली. मसुदा प्रसिद्ध व्हावा. ठरलेल्या मुदतीत कोणीही हरकत वा सूचना लेखी द्यावी. स्थायी समितीचे सदस्य व शासनाने नेमलेले जाणकार यांच्या नियोजन समितीने ती ऐकावी. आणि अखेरची मंजुरी राज्य शासनाने द्यावी. येथे ‘कोणीही’ हा शब्द महत्त्वाचा. १८९८ साली नोटीस मालकाच्या दारी जाई; १९६६ नंतर चाळीच्या शेवटच्या खोलीतील माणूसही तिचे उत्तर देऊ शकतो. सत्तर वर्षांत एवढी मजल मारली गेली, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

परंतु अधिकार मिळणे निराळे आणि तो उपयोगास येणे निराळे. मुंबईचा पहिला विकास आराखडा १९६७ साली मंजूर झाला. दुसऱ्याचा मसुदा १९८४ साली प्रसिद्ध होऊन त्यास १९९१ ते १९९४ या काळात तुकड्यातुकड्यांनी मंजुरी मिळाली. हरकती ऐकण्यात कालहरण होते असा आक्षेप अधिकारी वर्गाकडून नेहमी घेतला जातो. त्यास आमचे उत्तर एवढेच की, हरकतींची मुदत महिन्यांनी मोजावयाची असते आणि मंजुरीचा काळ वर्षांनी मोजला गेला. तेव्हा विलंबाचा सारा भार नागरिकाच्या अर्जावर टाकणे न्यायाचे नाही.

खरी कसोटी लागली ती तिसऱ्या आराखड्याच्या वेळी. २०१४ ते २०३४ या वीस वर्षांसाठी तो करावयाचा होता. २०१२ साली महापालिकेने सध्याच्या जमीनवापराचे नकाशे लोकांपुढे ठेविले. आराखड्याआधी ते दाखविलेच पाहिजेत असे कायद्याचे बंधन नव्हते; नागरिकांच्या संस्थांनी आग्रह धरला म्हणून ते घडले. लोकांनी त्यांतील चुका दाखविल्या, आणि प्रभागाप्रभागांतून बैठकाही झाल्या. तरीही २५ फेब्रुवारी २०१५ रोजी जो मसुदा प्रसिद्ध झाला, त्यात कित्येक वारसा-वास्तू, प्रार्थनास्थळे आणि शाळा यांच्या नोंदी चुकीच्या वा गहाळ होत्या. गावठाणे व कोळीवाडे यांच्या हद्दी नीट उतरल्या नव्हत्या. स्थानकांच्या आसपास चटईक्षेत्र आठपर्यंत वाढविण्याची आणि आरेच्या हिरव्या भूमीवर बांधकाम आणण्याची कल्पना मांडली होती. साठ हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या. मुदत संपण्यास थोडे दिवस उरले असताना, २१ एप्रिल रोजी, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मसुदा मागे घेऊन सुधारून मांडण्याचा आदेश दिला. सुधारित मसुदा २०१६ च्या मे महिन्यात आला. आठ चटईक्षेत्राची ती कल्पना त्यात उरली नव्हती. नियोजन समितीच्या सुनावण्या होऊन महापालिकेने २०१७ च्या जुलैअखेर त्यास संमती दिली आणि ८ मे २०१८ रोजी शासनाने तो मंजूर केला.

या प्रकरणाचा अर्थ पुष्कळांनी ‘लोकांचा विजय’ असा केला. आमच्या मते त्याचा अर्थ याहून खोल आहे. त्या साठ हजार अर्जांतील किती तरी अर्जांत मत असे काही नव्हतेच. त्यांत माहिती होती. ‘येथे देऊळ आहे’, ‘येथे शाळा भरते’, ‘ही आमची वाडी रिकामी जमीन नव्हे’, अशा तऱ्हेच्या त्या साध्या साक्षी होत्या. मताविषयी वाद होऊ शकतो आणि बहुमताने ते फेटाळताही येते. साक्ष फेटाळावयाची तर जागेवर जाऊन पाहावे लागते. म्हणून हरकत ही अडवणूक नसून साक्ष होय, हे ज्या दिवशी रेखणारा मान्य करील, त्या दिवशी तो ती शेवटी नव्हे तर आरंभीच मागवील. नकाशा पुरा झाल्यावर विचारणे म्हणजे पंगत उठल्यावर मीठ हवे का म्हणून विचारणे होय. दोष केवळ एका पक्षाचा आहे असेही नाही. कायद्याने ‘हरकती’ आणि ‘सूचना’ असे दोन शब्द दिले, पण आम्ही नागरिक पहिल्याचाच वापर करतो. आमच्या घरावर रेघ आली की जागे होतो. शेजारच्या वस्तीत मुलांना खेळावयास मैदान नाही, ही सूचना त्या वस्तीबाहेरचा कोण करतो?

माझगावच्या पुढ्यात हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. २०१८ च्या अखेरीस पोर्ट ट्रस्टने, आपल्या भूमीचे विशेष नियोजन प्राधिकरण या नात्याने, पूर्व किनाऱ्यावरील सुमारे ९६६ हेक्टर जमिनीच्या नियोजनाचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविल्या. जो समुद्र हटवून १९१२ पर्यंत भूमी केली, तिचाही त्यात समावेश होता. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी ज्या जमिनीविषयी माझगावकरास बोलण्याचा मार्ग नव्हता, तिच्याचविषयी त्याला आता लेखी विचारण्यात आले. मात्र दारूखान्यात जहाजे तोडणारा मजूर, त्याच जागेवर झोपडीत राहणारे कुटुंब, गोदामातील हमाल यांच्यापर्यंत तो नकाशा आणि त्यावरील रंगांची भाषा पोहोचणे ही गोष्ट नोटीस छापल्याने होत नाही. कोणी तरी त्यांच्यात बसून नकाशा उलगडावा लागतो, आणि त्यांचे म्हणणे त्यांच्या शब्दांत उतरून घ्यावे लागते.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांस नोटीस वाचता येते, अर्ज लिहिता येतो, सुनावणीस उभे राहता येते. १८९८ साली ज्याचे कोणी ऐकले नाही, त्या भाडेकरूची नातवंडे-पतवंडे आज यांपैकीच असतील. त्यांनी पुढील नोटीस रद्दीत टाकण्यापूर्वी एकदा वाचावी, आपल्या विभाग कार्यालयात जाऊन नकाशा पाहावा, आणि आपल्या घराबरोबरच ज्यास लिहिता येत नाही त्याच्या घराचीही साक्ष द्यावी. नगर रेखण्याचा अधिकार थोड्यांच्या हाती राहणार हे उघड आहे. परंतु ते कोणासाठी रेखले जात आहे याची आठवण देण्याचा अधिकार कायद्याने सर्वांस दिला आहे, आणि तो वापरल्यानेच टिकतो.