किरायानामा : मराठवाड्यांतील घरमालक आणि भाडेकरू

‘घर पाहावें बांधून’ असें वडील माणसें सांगत आलीं. बांधलेलें घर किरायानें देऊन पाहावें, असेंही त्याच्या जोडीला म्हणावयास हरकत नाहीं. नांदेडला विद्यापीठामुळें आणि लातूरला शिकवण्यांच्या वर्गांमुळें परगांवचीं मुलें येतात. त्यांच्या भरंवशावर निवृत्तीची पुंजी दोन खोल्यांत घालणाऱ्या गृहस्थाचे प्रश्न ठरलेले असतात : भाडें वाढवितां येईल काय? भाडेकरू निघेल काय? कागद करावा कीं न करावा? या प्रश्नांच्या मागें बराच जुना इतिहास उभा आहे.

सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. लातूर तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडे. त्याचा स्वतंत्र जिल्हा 1982 सालीं झाला. दरबारची भाषा उर्दू, वर्ष फसली आणि नाणें हाली. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा भाव असे. शंभर रुपयांच्या करारांत ‘हाली’ कीं ‘कलदार’ हा एक शब्द राहून गेला, तर सुमारें चवदा रुपयांचा फरक पडे. मोघम बोलीची किंमत अशी रोकडी मोजावी लागे.

भाड्यावर सरकारी नियंत्रण ठेवण्याची कल्पना महायुद्धांतून निघाली. जागेच्या टंचाईमुळें मुंबईस 1918 सालीं पहिला कायदा झाला; पुढें 1947 सालीं अधिक विस्तृत कायदा आला. हैदराबाद राज्यानें आपला कायदा 1954 सालीं केला. भाडेनियंत्रक नांवाच्या अधिकाऱ्यानें वाजवी भाडें ठरवावें आणि सबळ कारणावांचून कोणास घराबाहेर काढूं नये, हें त्याचें मुख्य सूत्र होय. 1 नोव्हेंबर 1956 रोजीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, 1 मे 1960 रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. परंतु हा कायदा तसाच राहिला. मुंबई-पुण्यास एक, विदर्भास दुसरा व मराठवाड्यास तिसरा, असे तीन कायदे एकाच राज्यांत जवळजवळ चाळीस वर्षें नांदले.

भाडेकरूस संरक्षण मिळालें, तें आवश्यकच होतें. पण मुंबईंत जुनीं भाडीं 1940 च्या पातळीवर गोठलीं, आणि नाममात्र भाड्यांत डागडुजी करण्यास मालक धजेनात. अशीं भाडीं कायम ठेवणें काळाच्या ओघांत अवाजवी झालें आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर 1997 मध्यें दिला. नंतर 1999 चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा झाला. 31 मार्च 2000 पासून तो अंमलांत आला आणि पूर्वीचे तिन्ही कायदे संपले.

नवख्या मालकाच्या प्रश्नांस त्यांत उत्तरें आहेत. भाड्यांत दरसाल शेंकडा चार वाढ करण्याचा त्यास हक्क आहे. भाड्याची पावती देणें आणि घर दुरुस्त राखणें हें त्याचें कर्तव्य आहे. भाडें थकल्यास लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावें लागतें, मगच दावा. स्वतःची खरी गरज किंवा परस्पर पोटभाडेकरू ठेवणें हींही कारणें न्यायालयापुढें मांडतां येतात. पाणी अथवा वीज तोडून मात्र कोणास हुसकावतां येत नाहीं. ज्या लातुरास 2016 च्या उन्हाळ्यांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथें नळ बंद करण्याचा अर्थ समजावून सांगावयास नको.

राहिला कागदाचा प्रश्न. 1908 च्या नोंदणी कायद्यानें वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्याची नोंदणी आवश्यक केली. ती टाळण्यासाठीं अकरा महिन्यांची पद्धत रूढ झाली. परंतु 1999 च्या कायद्यानें ही पळवाट बुजविली. मुदत कितीही असो, करार लेखी व नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. त्यानें ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पांच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. शिवाय, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें खरें धरलें जातें.

म्हणजे भाडेकरूला हक्क मिळतील या भीतीनें जो कागद करीत नाहीं, तो स्वतःचाच पुरावा नाहींसा करतो. आयुष्याची कमाई ज्या दोन खोल्यांत गुंतली, त्यांचा निकाल मग समोरच्याच्या शब्दावर येऊन ठेपतो. परगांवच्या मुलासही छपरावांचून दुसरा आधार नसतो. दोघांच्याही हितासाठीं, किल्ली हातीं देण्यापूर्वीं नोंदणी कार्यालयाची पायरी चढलेली बरी.