पहिल्या दिवसापासून उतारावर

पुरुषांनी ऑलिंपिकमध्ये स्की जंपिंगची पहिली उडी मारली ती 1924 साली, शामोनीला. महिलांना त्याच खेळाचं ऑलिंपिक दार उघडलं 2014 मध्ये, सोचीला. मध्ये नव्वद वर्षं गेली. त्याच सोचीत स्नोबोर्डवरची स्लोपस्टाईल ही स्पर्धा नव्याने दाखल झाली. तिथे मात्र पुरुषांचा अंतिम सामना झाला आणि दुसऱ्याच दिवशी महिलांचा. स्की जंपिंग करणाऱ्या मुलींचं धाडस किंवा कौशल्य कुठे कमी होतं असं नाही. स्लोपस्टाईल जिथे स्पर्धा म्हणून उभी राहिली, तिथे पहिल्याच वर्षी महिलांचा गट होता, एवढाच तो फरक. माझ्या मते या खेळाच्या वाटचालीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

ते पहिलं वर्ष 1997. कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर लेक इथे पहिले हिवाळी एक्स गेम्स, म्हणजे साहसी खेळांच्या स्पर्धा, झाल्या आणि महिलांच्या स्लोपस्टाईलचं सुवर्ण बॅरेट ख्रिस्टीने जिंकलं. ‘बिग एअर’ या एकाच मोठ्या उडीच्या प्रकारातलंही तिनेच. पुढच्या वर्षी नागानोला स्नोबोर्डिंग ऑलिंपिकमध्ये आलं खरं, पण कसरतींच्या फ्रीस्टाईलमधून फक्त हाफपाईप या अर्धनळीच्या आकाराच्या मार्गापुरतं. ख्रिस्टीला तिथे हाफपाईपमध्येच उतरावं लागलं. जिच्यात ती सर्वांत पुढे होती त्या स्लोपस्टाईलला ऑलिंपिकची वाट अजून सोळा वर्षं पाहायची होती.

खेळ समजायला अवघड नाही, साधायला फार अवघड. एकाच उतारावर वरच्या टप्प्यात लोखंडी रेल आणि कठडे, त्यांवरून घसरत जायचं. खालच्या टप्प्यात बर्फाचे प्रचंड उंचवटे, त्यांवरून हवेत गिरक्या घ्यायच्या. अंतिम गुण ठरतात ते संपूर्ण फेरीवरून. त्यामुळे पाच ठिकाणी अप्रतिम काम करून सहाव्या ठिकाणी पडलेली खेळाडू खाली येते ती रिकाम्या हाताने. ज्यांना हे कळलं त्याच इथे टिकल्या. टारा डॅकिडेसने बेधडक उड्यांनी मुलींच्या स्लोपस्टाईलची उंची वाढवली. जॅना मेयनने 2003 ते 2006 अशी सलग चार वर्षं एक्स गेम्सचं सुवर्ण सोडलं नाही.

मेयनच्या त्या चौथ्या सुवर्णाच्या वेळी कांस्यपदक घेणारी मुलगी पंधरा वर्षांची होती. जेमी अँडरसन. कॅलिफोर्नियातल्या साउथ लेक टाहोची, आठ भावंडांतली पाचवी, घरीच शिकलेली, जवळच्या सिएरा-ॲट-टाहोच्या उतारांवर वाढलेली. पुढच्या वर्षी, 2007 मध्ये, तिने सुवर्ण जिंकलं. 2008 मध्ये पुन्हा.

तिच्या पिढीला प्रतिस्पर्धीही तोलामोलाच्या मिळाल्या. 2009 आणि 2010 चं सुवर्ण नेलं ब्रिटनच्या जेनी जोन्सने, जी कृत्रिम उतारावर हा खेळ शिकली होती. 2011 चं फिनलंडच्या एन्नी रुकायार्वीने. त्याच वर्षी जुलैमध्ये स्लोपस्टाईल ऑलिंपिकमध्ये घेतल्याचं जाहीर झालं.

सोचीच्या रोझा खुतोरचा मार्ग सोपा नव्हता. सरावातच नॉर्वेच्या टॉर्स्टीन हॉर्गमोचं गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि अमेरिकेच्या नामांकित शॉन व्हाईटने स्लोपस्टाईलमधून माघार घेतली. महिलांच्या अंतिम सामन्यात पहिल्या फेरीनंतर आघाडीवर असलेली चेक प्रजासत्ताकाची शार्का पान्चोखोव्हा दुसऱ्या फेरीत अशी आदळली की तिच्या हेल्मेटला तडा गेला. अशा दिवशी अँडरसनने दुसऱ्या फेरीत वरपासून खालपर्यंत स्वच्छ उतरून 95.25 गुण मिळवले. रुकायार्वी 92.50 वर दुसरी, तेहतीस वर्षांची जोन्स 87.25 वर तिसरी. तिघीही एक्स गेम्सच्या विजेत्या. ऑलिंपिकच्या त्या पहिल्या व्यासपीठावर उभी होती ती एक्स गेम्सने घडवलेली पिढी.

प्योंगचांगचा 2018 चा सामना मला अजूनही खटकतो. वाऱ्यामुळे आदल्या दिवशीची पात्रता फेरी रद्द झाली आणि सगळ्यांना थेट अंतिम सामन्यात उतरवलं. तीनऐवजी दोनच फेऱ्या ठेवल्या, आणि वारा थांबलेला नसतानाच सामना खेळवला. हवेत असताना बाजूने झोत आला की वेगाचं सगळं गणित बिघडतं. बहुतेक जणी पडल्या किंवा उडी अर्धवट सोडून खाली आल्या. त्या दिवशी सामना घ्यायलाच नको होता, असं माझं स्पष्ट मत आहे. पण म्हणून अँडरसनचं यश उणं होत नाही. तिने पहिल्याच फेरीत वारा ओळखून, झेपेल तेवढंच करून, न पडता 83.00 गुण घेतले. कॅनडाची लॉरी ब्लूअँ जवळपास सात गुणांनी मागे राहिली. स्नोबोर्डिंगमध्ये ऑलिंपिकची दोन सुवर्णं जिंकणारी अँडरसन पहिली महिला ठरली. त्याच ऑलिंपिकमध्ये महिलांची बिग एअर पहिल्यांदा आली. तिथे ऑस्ट्रियाच्या ॲना गॅसरला सुवर्ण, अँडरसनला रौप्य.

त्यानंतर खेळाने जो वेग घेतला तो थक्क करणारा आहे. त्याच वर्षअखेर गॅसरने तीन कोलांट्यांसह 1260 अंशांची गिरकी पूर्ण केली. कुठल्याही महिलेने असं पहिल्यांदाच केलं होतं. मागून येणाऱ्या मुलींनी दुहेरी कोलांट्या नेहमीच्या करून टाकल्या. तरी अँडरसनने 2021 मध्ये, तिशीत, ॲस्पेनच्या एक्स गेम्समध्ये स्लोपस्टाईल आणि बिग एअर अशी दोन्ही सुवर्णं घेतली.

2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मात्र ती नवव्या क्रमांकावर राहिली. शेवटच्या फेरीपर्यंत अमेरिकेची ज्युलिया मरिनो पुढे होती. सर्वांत शेवटी उतरलेली न्यूझीलंडची झोई सॅडोव्स्की-सिनोट, वय वीस. तिने शेवटच्या दोन उड्यांत लागोपाठ 1080 अंशांच्या गिरक्या घेतल्या. गुण जाहीर होण्याआधीच मरिनो आणि ऑस्ट्रेलियाची टेस कोडी धावत जाऊन तिच्या अंगावर कोसळल्या. गुण आले 92.88, आणि मरिनोचं सुवर्ण गेलं. न्यूझीलंडला हिवाळी ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्ण मिळालं ते असं. सोचीत जोन्सचं कांस्य हेही ब्रिटनचं हिमावरच्या (स्केटिंगसारख्या गोठलेल्या पाण्यावरच्या नव्हे) खेळांतलं पहिलं ऑलिंपिक पदक होतं. दोन्ही देशांना ही पदकं मिळाली ती महिलांच्या स्लोपस्टाईलमध्येच.