वाणी-आज्ञा, संगणकास दिलेल्या

कळफलक किंवा माउस यांना हात न लावता, केवळ उच्चारलेल्या शब्दांनी संगणकातील आज्ञावली म्हणजे प्रोग्रॅम उघडणे, बंद करणे वा त्यात काम करणे, या पद्धतीस वाणी-आज्ञा पद्धती म्हणतात. ज्यांचे हात अपंगत्वामुळे चालत नाहीत किंवा इतर कामांत गुंतलेले असतात, त्यांच्या दृष्टीने ही पद्धती केवळ सोयीची नसून संगणक वापरण्याचा तो एकमेव मार्गही असू शकतो.

कार्यपद्धती : ध्वनिग्राहकात आलेल्या ध्वनितरंगांचे विद्युत् संकेतांत व पुढे अंकांत रूपांतर होते. सेकंदाच्या काही शतांश भागाएवढे त्यांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातील कंप्रतांची रचना तपासली जाते व ती कोणत्या वर्णाशी अधिक संभाव्यतेने जुळते ते ठरविले जाते. श्रुतलेखनात कोणताही शब्द येऊ शकतो. उलट आज्ञावली उघडताना ‘उघड’ या अर्थाचे क्रियापद आणि संगणकात असलेल्या आज्ञावलींपैकी एकीचे नाव एवढेच अपेक्षित असते. शब्दसंग्रह असा मर्यादित असल्यामुळे हे काम तुलनेने सोपे ठरले.

इतिहास : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५२ साली तयार झालेले ‘ऑड्री’ हे यंत्र एका ठराविक व्यक्तीने थांबत थांबत उच्चारलेले अंक ओळखी. आयबीएम कंपनीचे ‘शूबॉक्स’ हे यंत्र १९६२ च्या सिॲटल येथील जागतिक प्रदर्शनात दाखविण्यात आले. ते दहा अंक व सहा गणिती आज्ञा मिळून १६ शब्द ओळखून बेरीज-वजाबाकी करी. भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ राज रेड्डी यांच्या मार्गदर्शनाखाली कार्नेगी मेलन विद्यापीठात झालेल्या ‘हिअरसे’ प्रणालीस बुद्धिबळाच्या खेळी तोंडी सांगता येत. त्याच विद्यापीठातील ‘हार्पी’ प्रणालीने १९७६ मध्ये १,०११ शब्दांपर्यंत मजल मारली. रेड्डी यांना १९९४ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

घरगुती संगणकात ही सोय १९९० नंतर आली. ॲपलच्या १९९३ च्या ‘प्लेनटॉक’ या प्रणालीत एका ठराविक कप्प्यात ठेवलेली गोष्ट तिच्या नावाच्या उच्चाराने उघडे. आयबीएमच्या १९९६ च्या ओएस/२ वॉर्प ४ या कार्यप्रणालीतही वाणी-आज्ञांचा अंतर्भाव होता. मायक्रोसॉफ्टच्या २००७ च्या विंडोज व्हिस्टामध्ये ‘ओपन’ किंवा ‘स्टार्ट’ म्हणून पुढे आज्ञावलीचे नाव घेता येई. पडद्यावरील बटणांवर क्रमांक उमटवून तो क्रमांक बोलण्याची युक्तीही तीत होती. विंडोज ११ मध्ये २०२४ साली या सोयीची जागा ‘व्हॉइस ॲक्सेस’ने घेतली.

महाराष्ट्रातील कार्य : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, टिफ्रॅक या संगणकाच्या उभारणीत भाग घेतलेले पी. व्ही. एस. राव व त्यांचे सहकारी यांनी वाणीच्या अभिज्ञानावर दीर्घकाळ संशोधन केले. हिंदी बोलणे ओळखणाऱ्या व हिंदीत बोलणाऱ्या त्यांच्या ‘व्हॉइस’ या प्रणालीचे वर्णन १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने भारतीय लिप्या संगणकावर आणल्या व पुढे हिंदी श्रुतलेखनाची आज्ञावलीही विकसित केली. शेतमालाचे बाजारभाव दूरध्वनीवरून तोंडी विचारता यावेत, यासाठी भारतीय भाषांत हाती घेतलेल्या प्रकल्पात मराठीचे काम टाटा संस्था व मुंबईची भारतीय तंत्रविद्या संस्था यांनी केले. जिल्ह्याजिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे बोलणे त्यासाठी ध्वनिमुद्रित करण्यात आले, कारण यंत्राला शिकविण्यास ग्रंथातील मराठी पुरेशी नसते.

मराठीच्या अडचणी : मराठीत ‘चार’ मधील च तालव्य, तर ‘पाच’ मधील दंत्य आहे, लिपीत मात्र दोन्हींना एकच चिन्ह आहे. लिखित शब्दावरून उच्चार ठरविणाऱ्या यंत्रास हा भेद वेगळा शिकवावा लागतो. शिवाय आज्ञावलींची नावे बहुधा इंग्रजी असून मराठी माणूस ती आपल्या वळणाने उच्चारतो. तांत्रिक अडचणीपेक्षा भाषेच्या निवडीची अडचण मोठी ठरली. व्हिस्टातील सोय इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानी व चिनी या भाषांपुरती होती. मुंबई व पुणे यांना जोडणाऱ्या जुन्या महामार्गावरील सोमाटणे (ता. मावळ) यासारख्या गावातील, हातांनी अधू असलेल्या मराठी भाषकास आपलाच संगणक उघडण्यासाठी आधी परकी भाषा, तीही परक्या उच्चारांनी, बोलावी लागे. ज्यांना या साधनाची गरज अधिक, त्यांतील अनेकांना ते अशा रीतीने दुरावले.

मराठीची वाट प्रथम भ्रमणध्वनीवर मोकळी झाली. गूगलने २०१७ मध्ये मराठी बोलून लिहिण्याची व २०१८ मध्ये गूगल असिस्टंटशी मराठीत बोलण्याची सोय दिली. केंद्र शासनाने २०२२ मध्ये ‘भाषिणी’ हा भारतीय भाषांचा उपक्रम सुरू केला. यंत्राने माणसाचे बोलणे ओळखावे, हा प्रश्न बव्हंशी सुटला आहे. ते बोलणे कोणाचे व कोणत्या बोलीतले, हे मात्र यंत्राला कोणाचे आवाज ऐकविले यावरच अवलंबून राहते.