बाबांची पाच मिनिटं आणि शेंदराची बॅटरी

तर झालं असं, की हापिसाने अस्मादिकांना नोव्हेंबर ते मार्च ऑनसाइट धाडलं आणि माझी बाइक सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाबांच्या ताब्यात राहिली. "अरे, काळजी करू नकोस, दर रविवारी पाच मिनिटं चालू ठेवत जाईन" असं बाबा म्हणाले, आणि त्यांनी ते केलंही. सहाव्या रविवारी गाडीने नुसतं टक-टक केलं. मेकॅनिक आला, गाडीकडे बघून म्हणाला, "काका, मधूनमधून चालू करायची असते." बाबा काही बोलले नाहीत. फोनवर मला सांगितलंही नाही. मी परत आलो तेव्हा आईकडून कळलं. बॅटरी तोवर कामातून गेली होती. पैशाचं एवढं नाही, पण बाबांचा चेहरा बघून डोक्यात किडा शिरला: माणसाने सांगितलेलं सगळं केलं, तरी बॅटरी मेली कशी?

त्यासाठी थेट १८५९ मध्ये जावं लागलं. (शनिवार होता, बायको माहेरी. असो.)

त्या वर्षी पॅरिसमध्ये गास्तों प्लांते या माणसाने शिशाचे दोन पत्रे, मध्ये रबराच्या पट्ट्या घालून, गुंडाळले आणि पातळ गंधकाम्लात बुडवले. ही जगातली पहिली पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी. आपल्या बाइकमधली आजही नात्याने हिचीच पणती. गंमत म्हणजे तेव्हा घरात प्लग नव्हता, धड डायनामोही नव्हता. ग्रामचा डायनामो आला १८७१ मध्ये. प्लांते आपली बॅटरी चार्ज करायचा ती बुन्सेनच्या सेलवर, म्हणजे दुसऱ्या बॅटऱ्या संपवून! त्यात पत्रे मुरायला महिनोन्‌महिने लागत: चार्ज करा, रिकामी करा, विसावू द्या, पुन्हा चार्ज करा.

हा मुरवण्याचा वेळ वाचवला कामिय फोरने, १८८१ च्या सुमारास. त्याने पत्र्यांवर शिशाच्या लाल ऑक्साइडचा लेप दिला. लाल ऑक्साइड म्हणजे शेंदूर! आपण पारंपरिकरीत्या मारुतीला लावत आलो तोच. हे वाचल्यावर मी पाच मिनिटं नुसता बसून होतो.

त्याच वर्षी मे महिन्यात फोरचे चार सेल, चार्ज करून, लाकडी खोक्यात घालून पॅरिसहून ग्लासगोला सर विल्यम थॉमसनकडे नेण्यात आले. हा थॉमसन म्हणजे पुढचा लॉर्ड केल्विन. प्रवास ७२ तासांचा. खोक्यात दहा लाख फूट-पाउंड ऊर्जा आहे असं 'टाइम्स'मध्ये छापून आलं आणि लोकांनी तोंडात बोटं घातली: वीज खोक्यात भरून गावाला नेता येते! मी हिशेब केला. ते होतात साधारण ३७७ वॉट-अवर. माझ्या बाइकची बॅटरी १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवर, म्हणजे ९६. ते खोकं म्हणजे माझ्यासारख्या चार बाइक.

पण खोकं गावाला पोचलं म्हणजे ते कायम भरलेलं राहील असं नाही. याची गोम काढली ग्लॅडस्टन आणि ट्राइब या दोन इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी. १८८२ मध्ये त्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं, की भरलेली बॅटरी नुसती ठेवली तरी स्वस्थ बसत नाही. धन प्लेटवरचं शिशाचं डायऑक्साइड आणि त्याच्या खालचं शिसं ही दोघं आम्लात एकमेकांशीच छोट्या छोट्या बॅटऱ्या बनवतात आणि हळूहळू सगळ्याचं लेड सल्फेट होतं. थोडक्यात काय, तर पार्किंगमध्ये उभी केलेली बॅटरी मुळात 'बंद' नसतेच.

सल्फेट होणं हे तसं पाप नाही. बॅटरी वापरतानाही तेच होतं आणि चार्जिंगमध्ये ते परत जातं. अट एवढीच, की ते ताजं असलं पाहिजे. पाक करून ठेवून दिला की आधी मऊ असतो, मग त्यात बारीक कण धरतात आणि महिन्याभराने तळाशी खडीसाखर होते ना, तसंच इथे. बारीक स्फटिक विरघळून मोठ्या स्फटिकांवर जमतात. ते मोठे खडे मग चार्जरला दाद देत नाहीत. सहाव्या रविवारनंतर माझी बॅटरी जी अडीच महिने रिकामी पडून राहिली, त्यात हेच झालं.

त्यात आणखी एक भर १८८१ मधलीच. शिसं फार मऊ, म्हणून सेलनने जाळीत अँटिमनी मिसळून ती कडक केली. जाळी टिकली, पण हे अँटिमनी झिरपत ऋण प्लेटवर जाऊन बसतं आणि गळती वाढवतं. यावरचा उतारा बाइकवाल्यांनी नाही, टेलिफोनवाल्यांनी काढला. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांना वर्षानुवर्षं एकच काम: वीज जाईल त्या क्षणासाठी भरून उभं राहणं. १९३५ मध्ये बेल लॅब्जमधल्या हॅरिंग आणि थॉमस यांनी अँटिमनीच्या जागी चिमूटभर कॅल्शियम घालून पाहिलं आणि गळती खूपच कमी झाली. आजच्या मेंटेनन्स-फ्री बॅटरीत बहुधा हीच मिसळ असते.

बॅटरी सतत हलक्या दाबावर 'तरंगती' ठेवायची युक्तीही एक्स्चेंजमध्येच मुरली. तिथे २४ सेल, प्रत्येकाला साधारण २.२५ व्होल्ट, एकूण ५४. बाइकमध्ये सहा सेल. ५४ भागिले ४ म्हणजे १३.५. फ्लोट चार्जर साधारण एवढ्यावरच धरून ठेवतो! १४.४ वर चार्ज करून तिथेच महिनाभर सोडली तर पाणी उडतं आणि जाळी गंजते. त्याहून कमी ठेवली तर खडीसाखर. एवढंसंच दार आहे.

आता बाबांचा खटला. मी मल्टिमीटर लावला. गाडी पूर्ण बंद असताना ६ मिलिअँपिअर जात होते. दिसायला किरकोळ, पण आठवड्याला १ अँपिअर-अवर. बाबांची पाच मिनिटं किती देतात? नवीन गाड्यांचा हेडलाइट इंजिनबरोबर लागलेलाच असतो, एप्रिल २०१७ पासून कायद्यानेच, तो बंद करायची सोयच नाही. आयडलवर बॅटरीकडे फार तर १ अँपिअर उरला असं धरू. पाच मिनिटांचे होतात ०.०८. त्यातून स्टार्टरने खाल्लेले ०.०३ वजा. बाबा दर रविवारी जेवढं गेलं त्याचा विसावा भाग परत भरत होते, तेही इमानेइतबारे.

मग ही पाच मिनिटांची सवय आली कुठून? चेतकवरून. बाबांच्या जुन्या चेतकला ठिणगी फ्लायव्हील मॅग्नेटोमधून मिळायची, बॅटरीशी इंजिनाचं देणंघेणंच नव्हतं. तिरकी करायची, किक मारायची. रविवारची पाच मिनिटं होती ती कार्ब्युरेटरसाठी आणि त्या गाडीला ती अगदी बरोबर होती. माझ्या गाडीला किकच नाही, पेट्रोलसुद्धा पंप ढकलतो, आणि पंपाला वीज लागते.

आणि ते ६ मिलिअँपिअर? त्यातले ५ चोर-अलार्मचे. तो मीच हौसेने बाहेरून बसवून घेतला होता. हे बाबांना सांगताना मान खाली घालावी लागली.

मी कागदावर आकडेमोड काढून दाखवली तेव्हा बाबांनी चष्मा लावून ती दोनदा तपासली (बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस) आणि म्हणाले, "मग त्या मेकॅनिकला सांग की हे."

आमच्या पार्किंगमध्ये प्लग नाही आणि सोसायटी देणार नाही, त्यामुळे नवीन बॅटरी मी गावाला जाताना काढून घरात ठेवतो: आधी काळी वायर, मग लाल. नुसती सुटी, थंड कोपऱ्यात. उष्णता वाढली की गळती वाढते, साधारण दर दहा अंशांना दुप्पट, म्हणून गच्ची बाद. फ्लोट चार्जर आणलाय, १२.५ च्या खाली गेली की लावायचा. परवा बंगळुरूला दोन आठवडे होतो. रविवारी सकाळी बाबांचा फोन, "१२.७१. लिहून ठेवलंय." परत आलो तर कालनिर्णयवर दोन्ही रविवारच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाच्या वर, त्यांच्या बँकेतल्या अक्षरात आकडे होते.