सोडून दिलेला मासा : बेलीझ नदीच्या इतिहासाचे एक पान



एखादा गृहस्थ हजारो मैलांचा विमानप्रवास करून परक्या मुलखात जातो. तेथे नदीकाठच्या लाकडी घरात आठवडाभर उतरतो, पहाटे उठून होडीत बसतो आणि दिवसभर उन्हात उभा राहून गळ टाकतो. दैवाने साथ दिली तर एखादे दिवशी माणसाएवढा मासा त्याच्या गळाला लागतो. तासभर झुंज होते, मासा थकतो, होडीच्या कडेला येतो. आणि हा गृहस्थ त्याच्या तोंडातला गळ अलगद काढून त्याला पुन्हा पाण्यात सोडून देतो! या खटाटोपासाठी त्याने मोजलेली रक्कम ऐकली, तर आपल्या कोळीवाड्यातली कोणतीही म्हातारी त्याला खुळा ठरवील. आम्हांसही प्रथम तसेच वाटले होते. परंतु ज्या नदीवर हा खेळ चालतो तिचा इतिहास चाळू लागलो, तेव्हा ध्यानात आले की सोडून दिलेल्या त्या माशामागे तीनशे वर्षांचा हिशेब आहे, आणि त्या हिशेबात पाहुण्यापेक्षा होडीच्या मागच्या टोकाला काठी घेऊन उभा असलेला वाटाड्याच अधिक महत्त्वाचा आहे. आज आम्ही त्याची हकिगत सांगणार आहोत.

ही नदी मध्य अमेरिकेतील बेलीझ देशातली. देश चिमुकला, क्षेत्रफळ सुमारे 23,000 चौरस किलोमीटर, आणि लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. पश्चिमेच्या डोंगराळ भागातून येणाऱ्या मोपान आणि मकाल या दोन नद्यांच्या संगमापासून बेलीझ नदी सुरू होते व कॅरिबियन समुद्राला मिळते. मुखापाशी तिवरांचे दाट रान, बाहेर उथळ खाजणे, आणि त्यापलीकडे प्रवाळांची लांबच लांब भिंत, जिच्यामुळे मोठ्या लाटा आत येत नाहीत. गोडे पाणी, खारे पाणी आणि तिवरे यांचा असा मेळ जमला की तेथे माशांची पैदास होते, हे कोकणातल्या खाडीकाठच्या माणसाला निराळे सांगावयास नको.

पण इंग्रज या नदीवर आले ते माशांसाठी नव्हे, लाकडासाठी. सतराव्या शतकात ते येथे वस्ती करू लागले ते 'लॉगवुड' नावाच्या झाडासाठी. त्याच्या गाभ्यापासून लोकरीला द्यावयाचा रंग निघे. मुलूख स्पेनच्या हक्काचा. तेव्हा 1763 च्या पॅरिसच्या तहाने इंग्रजांना केवळ लाकूड तोडण्याची मुभा मिळाली, भूमीची मालकी नव्हे. पुढे रंगाचा भाव उतरला आणि महोगनीचा चढला. इंग्लंडातल्या दिवाणखान्यांना महोगनीची मेजे हवी होती, आणि ती पुरविण्यासाठी आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम या रानात कुऱ्हाडी चालवीत होते.

येथली गुलामगिरी उसाच्या मळ्यातल्यासारखी नव्हती. मळ्यात शेकडो माणसे एका चाबकाखाली राबत; येथे दहाबारा जणांची टोळी महिनोन् महिने रानात राही. टोळीतला सर्वांत मोलाचा माणूस म्हणजे झाडाचा शोध घेणारा. महोगनीची झाडे एकत्र वाढत नाहीत. अफाट अरण्यात एक येथे, दुसरे कोठे तरी दूर, अशी ती विखुरलेली असतात. हा शोध्या ऑगस्टच्या सुमारास उंचात उंच झाडाच्या शेंड्यावर चढे, हिरव्या रानावरून नजर फिरवी आणि पानांच्या रंगछटेवरून महोगनी कोठे उभी आहे ते ताडी. मग खाली उतरून, वाट नसलेल्या रानातून नेमका त्या झाडापाशी जाई. आपल्याकडचा पागी जसा धुळीतल्या पावलावरून चोराचा माग काढतो, तसलीच ही विद्या. मालकाजवळ भांडवल होते, कागद होते, बंदूक होती. पण झाड दिसत होते ते गुलामाला. डोळे गुलामाचे आणि जे दिसले ते मालकाचे, असा हा व्यवहार होता.

पावसाळ्यात नदीला पूर आला की ओंडके प्रवाहात ढकलून देत. नदीच्या खालच्या अंगाला आडव्या साखळ्या टाकून ते अडवीत आणि ज्याच्या त्याच्या खुणेप्रमाणे वेगळे करीत. अशा अडसरावरून नाव पडलेले 'बरेल बूम' हे खेडे आजही बेलीझ नदीच्या काठी आहे. पुराचे पाणी कोठे वळते, वाळूचा दांडा कोठे सरकतो, भरती कोठवर चढते, हे ज्ञान या श्रमातून नदीकाठच्या माणसांच्या अंगी मुरले. ते कोणी ग्रंथात लिहिले नाही. बापाकडून मुलाकडे गेले.

1838 साली ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी पूर्णपणे संपली. पण बेडी तुटली म्हणजे माणूस मोकळा झाला असे नाही. मजुराला हंगामापूर्वी उचल द्यावयाची, ती त्याने नाताळात खर्च करावयाची, मग रानात मालकाच्याच दुकानातून चढ्या भावाने धान्य घ्यावयाचे आणि वर्षाअखेर पुन्हा कर्जात राहावयाचे, अशी रीत पडली. उचल आणि सावकारी यांचे नाते महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना परके नाही. 1862 मध्ये हा प्रदेश 'ब्रिटिश होंडुरास' या नावाची वसाहत झाला. पुढे 'बेलीझ इस्टेट अँड प्रोड्यूस कंपनी' या एकाच कंपनीकडे खाजगी जमिनीचा जवळजवळ अर्धा हिस्सा होता. माणूस स्वतंत्र, पण पाय ठेवावयाला जमीन कंपनीची! 1931 साली वादळाने बेलीझ शहर उद्ध्वस्त केले. मंदीने लाकडाचा धंदाही बसला. 1934 मध्ये अँटोनियो सोबेरानिस यांच्या नेतृत्वाखाली बेकार मजूर रस्त्यावर आले, आणि तेथून त्या देशाच्या राष्ट्रीय चळवळीचा उगम झाला.

आता गळाकडे वळू. 1885 साली डब्ल्यू. एच. वुड नावाच्या न्यूयॉर्कच्या एका गृहस्थाने फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर 93 पौंडांचा टार्पन मासा काठी व चक्रीने पकडला. टार्पन म्हणजे चांदीच्या पत्र्यासारख्या मोठमोठ्या खवल्यांचा, पाण्याबाहेर उंच उडी घेणारा मासा. त्याचा एक धाकटा भाऊबंद आपल्याकडच्या खाड्यांतही आढळतो. असा दांडगा प्राणी हातातल्या काठीने जिंकता येतो, ही वार्ता पसरली आणि धनिकांचा एक नवा छंद जन्मास आला. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनची दोरी, काचतंतूची काठी, होडीला मागे लावावयाचे यंत्र आणि प्रवासी विमान ही चार साधने आली, तेव्हा हा छंद दूरदूरच्या किनाऱ्यांवर पोहोचला. क्यूबा हे त्याचे एक मोठे ठाणे. तेथील आयल ऑफ पाइन्स या बेटावर विक बरोथी नावाचे गृहस्थ अमेरिकन पाहुण्यांसाठी मासेमारीच्या सहली चालवीत. 1959 च्या आरंभी क्यूबात क्रांती झाली आणि त्यानंतर बरोथी ब्रिटिश होंडुरासमध्ये आले. बेलीझ नदीच्या काठी त्यांनी 1960 च्या सुमारास जे निवासगृह उभे केले, ते त्या देशातील या धंद्याचे पहिल्या काही ठाण्यांपैकी एक होय. 31 ऑक्टोबर 1961 रोजी 'हॅटी' वादळाने बेलीझ शहर पुन्हा झोडपले. राजधानीच किनाऱ्यावरून हलवावी लागली आणि 1970 मध्ये ती बेल्मोपान येथे आत गेली. पण मासे होते तेथेच राहिले, आणि पाहुणेही येतच राहिले.

याच 1960 साली देशाच्या मच्छीमारांनी आपली पहिली मोठी सहकारी संस्था काढली. तोवर शेवंडांच्या निर्यातीचा मलिदा परकी व्यापारी खात. संस्थेने तो धंदा मच्छीमारांच्या हाती आणला. एकाच काळी त्या पाण्यावर दोन वाटा फुटल्या. एका वाटेने मच्छीमार आपल्या मालाचा धनी होऊ लागला, दुसऱ्या वाटेने आपल्या ज्ञानाचा. पहिलीचे महत्त्व कोणीही ओळखील. दुसरी समजून घेण्यासाठी होडीतच बसावयास हवे.

होडीच्या नाळेवर पाहुणा काठी घेऊन उभा असतो. मागे वाटाडा यंत्र बंद करून लांब दांड्याने होडी रेटतो, कारण उथळ पाण्यात जरा खडखडले तरी मासा पळतो. पाहुण्याला समोर केवळ चकाकणारे पाणी दिसते. वाटाडा हळूच सांगतो, "अकरा वाजता, चाळीस फूट." म्हणजे नाळ ही बाराची खूण मानून किंचित डावीकडे. पाण्यावर नुसती एक थरथर असते, किंवा तळाशी एक राखाडी सावली. वाटाड्याने ती ओळखलेली असते. पाहुणा पिसांची बनविलेली खोटी माशी तेथे फेकतो. टार्पन झेप घेतो तेव्हा काठी पुढे झुकवून दोरी सैल सोडावी लागते, नाहीतर ती तुटते. तेही वाटाडाच सांगतो, आणि आपल्या देशात ज्याच्या शब्दाला मान आहे असा हा धनिक निमूटपणे ऐकतो. जुना शोध्या झाडाच्या शेंड्यावर चढून जे करी, तेच हा होडीच्या टोकावरून करतो. फरक इतकाच, पण तो फार मोठा, की आता या डोळ्यांचे मोल डोळ्यांच्या धन्याला मिळते. वाटाड्याचा परवानाही देशाच्या नागरिकाला वा कायम रहिवाशालाच मिळतो. 1981 साली स्वतंत्र झालेल्या राष्ट्राने आपल्या माणसांच्या ज्ञानाभोवती घातलेले हे कुंपण आम्हांस योग्य वाटते.

मग मासा सोडतात का? दयेपोटी म्हणावे तर तितके सोपे नाही. टार्पन सावकाश वाढणारा मासा आहे; वयात यावयास त्याला दहा वर्षांच्या आसपास लागतात, आणि तो अर्धशतकाहून अधिक जगू शकतो. त्याची पिले तिवरांतल्या कोंदट डबक्यांत वाढतात. तेथे पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून ती पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात. असा मासा एकदा कापला तर एका दिवसाचा बाजार होतो; सोडला तर तोच मासा पुढल्या वर्षी दुसऱ्या पाहुण्याला आणतो. हे गणित ओळखून बेलीझने 2009 साली कायदा केला की टार्पन, बोनफिश आणि पर्मिट हे तीन मासे पकडले तरी सोडलेच पाहिजेत. 2020 च्या नोव्हेंबरात गिलजाळ्यांवर, म्हणजे माशाला कल्ल्यात अडकवणाऱ्या जाळ्यांवर, बंदी आली.

येथे एक आक्षेप निघतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. श्रीमंताच्या खेळासाठी गरिबाचे जाळे का काढून घ्यावे? ज्या घरात हे जाळेच चूल पेटवीत होते, त्या घराला टार्पनचे आयुर्मान ऐकवून काय उपयोग? जाळेबंदीला काही मच्छीमारांचा विरोध झाला. त्यांना भरपाई देण्याची योजना करावी लागली. शिवाय सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असेही नाही. फार वेळ झुंजविलेला मासा थकतो आणि शार्कच्या तोंडी जातो. म्हणून चांगला वाटाडा झुंज लांबू देत नाही, गळाचा उलटा काटा दाबून टाकतो आणि माशाला पाण्याबाहेर फार उचलू देत नाही.

आमचे मत असे की या आक्षेपाचे उत्तर माशाच्या बाजूने नव्हे, माणसाच्या बाजूने शोधले पाहिजे. जाळे गेलेल्या घरातला मुलगा वाटाडा होऊ शकतो काय? निवासगृहाचा नफा परदेशी जातो, की नदीकाठच्या खेड्यात राहतो? तिवरे तोडून नवी निवासगृहे उठणार असतील, तर ज्या डबक्यांत टार्पनची पिले वाढतात ती राहतील कोठे? या प्रश्नांची उत्तरे नीट मिळाली तर मासा सोडणे हा न्याय होय. न मिळाली तर तो महोगनीचाच जुना धंदा, केवळ माल बदललेला. महोगनी तोडली आणि संपली. तिच्यावर उभे राहिलेले वैभव इंग्लंडात गेले. मासा मात्र सोडला तर राहतो, आणि तो राहिला तरच त्याला पाहू शकणाऱ्या डोळ्यांना किंमत राहते.

श्रोतेहो, आपल्याही खाड्यांवर भरती-ओहोटी ओळखणारे तांडेल आहेत, तिवरे आहेत, आणि उद्या तेथेही हौशी पाहुणे येतील. तेव्हा होडीच्या मागच्या टोकाला कोण उभा आहे, आणि त्याच्या डोळ्यांचा धनी कोण, एवढे आपण विचारावे. बेलीझ नदीला हा प्रश्न विचारावयास तीनशे वर्षे लागली. आपल्याला तितका अवकाश नाही.